आंबोली घाट आणि सायकल : एका दिवसाचा जमाखर्च

व्यापारी मनुष्याची आणि रस्त्याची मैत्री फार जुनी आहे. आपल्या वाडवडिलांनी पेढ्या उभारल्या त्या गादीवर बसून नव्हे, रस्ते तुडवून उभारल्या. कोणत्या गावचा ओढा पावसाळ्यात केव्हा अडवितो, कोणत्या चढाला बैल थांबतात, कोणत्या गावी विहिरीचे पाणी गोड आहे, हे त्यांस खतावणीतील नावांइतकेच पाठ असे. आज आपण मोटारीच्या काचा वर करून तेच रस्ते कापतो आणि पोहोचल्यावर एवढेच सांगतो की इतका वेळ लागला. रस्ता कसा होता, हे मात्र आपणांस सांगता येत नाही.

संघाच्या स्मरणिकेत दरवर्षी बाजारभाव, करपद्धती, वखारी व वाहतूक या विषयांवरील लेख असतातच. यंदा आम्ही वाचकबंधूंची अनुज्ञा घेऊन एका निराळ्या विषयावर चार शब्द लिहिणार आहोत. गेल्या मार्गशीर्षात सावंतवाडीहून आंबोली घाट चढून, आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर या मार्गाने, एका दिवसात सायकलवरून निपाणीस येण्याचा योग आम्हांस आला. अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर. आम्ही तिघे होतो : आमचे ज्येष्ठ बंधू अण्णा, वय वर्षे चौसष्ट, त्यांचा चिरंजीव, वय सव्वीस, आणि प्रस्तुत लेखक. हा विक्रम नव्हे. आजची तरुण मंडळी याच्या दुप्पट अंतर एका दमात कापतात. तथापि या दिवसाने आम्हांस जे शिकविले, ते पेढीवर बसणाऱ्यासही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा प्रपंच.

बेळगाव आणि सायकल

सायकल हे वाहन आपल्या भागास परके नाही. उलट महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या उद्योगाच्या इतिहासातील एक मोठे पर्व बेळगावच्या सायकलच्या दुकानापासून सुरू होते. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. मुंबईत सायकल पाहून त्यांच्या मनात तिच्या व्यापाराची कल्पना आली. बंधू रामूअण्णा बेळगावात होते. लक्ष्मणरावांनी सायकली मुंबईहून धाडाव्यात आणि रामूअण्णांनी त्या बेळगावात विकाव्यात, एवढेच नव्हे तर गिऱ्हाइकास बसावयासही शिकवावे, अशी ती योजना होती. 'किर्लोस्कर ब्रदर्स' या पेढीचा प्रारंभ १८८८ सालचा मानतात, आणि तो या सायकलींच्या धंद्यातला.

पुढे त्याच मंडळींनी कडबा कापण्याची यंत्रे केली, लोखंडी नांगर केला. बेळगाव नगरपालिकेस नव्या वसाहतीसाठी जागा हवी झाली, तेव्हा १९१० साली औंधच्या अधिपतींच्या साहाय्याने कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीही आयुष्याच्या एका टप्प्यात याच कारखान्याचे नांगर गावोगाव विकले. बेळगाव शहरात किर्लोस्कर रोड आजही आहे. त्या रस्त्याने जाताना सायकलच्या त्या दुकानाचे स्मरण किती जणांस होत असेल, हे ज्याचे त्याने मनाशी ठरवावे.

स्वातंत्र्यानंतर सायकली आपल्याच देशात मोठ्या प्रमाणावर होऊ लागल्या. १९४९ साली मद्रासेस, १९५१ साली सोनीपतला, १९५६ साली लुधियानास कारखाने निघाले, आणि सायकल दुधवाल्याच्या, पोस्टमनच्या, शिक्षकाच्या व फेरीच्या व्यापाऱ्याच्या आटोक्यात आली. त्या काळी गावोगावच्या नगरपालिका सायकलवर कर बसवीत व पितळी बिल्ला देत. तो नसला किंवा रात्री दिवा नसला तर पोलीस सायकल अडवी. आमच्या वडिलांची काळी रोडस्टर सायकल अशीच बिल्ल्याची होती. तिच्या मागच्या कॅरिअरवर मालाच्या नमुन्यांची पिशवी आणि वसुलीची वही बांधून ते संकेश्वर, गडहिंग्लज व क्वचित आजऱ्यापर्यंत जात. दुकान वाढले, टेम्पो आला, आणि ती सायकल वखारीच्या कोपऱ्यात भिंतीस टेकून राहिली. आमच्या प्रवासात अण्णांनी चालविली ती हीच सायकल.

रेशमाचा एक व्यापारी

किर्लोस्कर बंधू बेळगावात सायकली विकू लागले, त्याच सुमारास फ्रान्समध्ये सेंत एत्येन या गावी रेशमाचा एक व्यापारी असाच सायकलच्या नादास लागला होता. त्याचे नाव पॉल द व्हिव्ही. जन्म १८५३ चा. रेशमाचा व्यवसाय सोडून त्याने सायकलचे दुकान काढले, १८८७ साली सायकलस्वारांसाठी एक नियतकालिक सुरू केले, आणि त्यात तो 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने लिहू लागला. त्याच्या गावाबाहेर एक घाट आहे. उंची सुमारे अकराशे साठ मीटर. त्या घाटात तो वर्षानुवर्षे निरनिराळ्या दातांची चक्रे लावून चढत राहिला. आज ज्यास आपण गिअरची सायकल म्हणतो, तिचा पुरस्कार जगात ज्यांनी प्रथम हिरिरीने केला त्यांत हा व्यापारी अग्रभागी होता. शर्यतवाल्यांनी मात्र गिअर म्हणजे दुर्बळांची सोय असे मानले. फ्रान्सच्या प्रसिद्ध राष्ट्रीय शर्यतीत साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेस १९३७ साली परवानगी मिळाली, तोवर व्हेलोसिओ निवर्तून सात वर्षे झाली होती.

आपल्या वाचकांस विशेष वाटेल अशी गोष्ट म्हणजे हा गृहस्थ शाकाहारी होता. त्याने सायकलस्वारांसाठी काही नियम घालून दिले. त्यांचा आशय असा की, भूक लागण्यापूर्वी खावे, तहान लागण्यापूर्वी प्यावे, शक्ती पुरती संपेपर्यंत रेटू नये, प्रवासात मद्य, मांस व तंबाखू वर्ज्य करावी, आणि केवळ फुशारकीसाठी कधीही पायडल मारू नये. तंबाखूच्या पेठेत राहणाऱ्या आम्हांस त्यातील एक कलम थोडे अडचणीचे वाटले, हे कबूल केले पाहिजे! परंतु त्याच्या बाकीच्या कलमांची प्रचीती आम्हांस त्या एका दिवसात पुरेपूर आली. शेवटल्या कलमाची तर विशेषच.

चढण

आदल्या दिवशी मालाच्या टेम्पोतून सायकली सावंतवाडीस नेल्या होत्या. पहाटे सहास मोती तलावाच्या काठाने निघालो. अण्णांचा रात्रिभोजनत्यागाचा नियम आहे. सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचावे, घरचे ताट वाढलेले असेल, ते घ्यावे, असा बेत ठरला होता. मार्गशीर्षातला दिवस लहान. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे हाती बारा तास. शिदोरीस दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि उकळून गार केलेले पाणी होते.

दाणोलीपर्यंत रस्ता झाडांच्या सावलीतून, बागाईतीच्या कडेने जातो. दाणोली हे साटम महाराजांच्या समाधीचे गाव. तेथून पुढे रस्ता डोंगरास भिडतो. सावंतवाडीची उंची समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्या आसपास, आणि आंबोलीची सुमारे सहाशे नव्वद. म्हणजे मनुष्य आणि सायकल मिळून नव्वद किलोचा भार धरला, तर पन्नास किलोच्या साखरेची जवळजवळ दोन पोती सुमारे सहाशे मीटर उचलून न्यावयाची. हे काम कोणत्याही सायकलने चुकत नाही. गिअर असला तरी ओझे तेवढेच आणि उंची तेवढीच.

मग गिअरने होते काय? आमच्या पुतण्याने हा प्रश्न वाटेत अण्णांस विचारला, आणि अण्णांनी दम खात जे उत्तर दिले ते आम्हांस फार मार्मिक वाटले. ते म्हणाले, "अरे, गिअर कर्ज माफ करत नाही. तो हप्ते पाडून देतो." आणि खरोखर तसेच आहे. जुन्या रोडस्टरला पुढे चव्वेचाळीस दातांचे चक्र आणि मागे अठरा दातांचे. पायडलचा एक फेरा पुरा केला की सायकल साडेपाच मीटरच्या जवळपास पुढे सरकते. गिअरच्या सायकलवर पुढचे चक्र लहान आणि मागचे मोठे असे निवडता येते, तेव्हा एका फेऱ्यात ती दोन मीटरच सरकते. फेरे जास्त मारावे लागतात, परंतु प्रत्येक फेऱ्याला जोर थोडा लागतो. गुडघा मोडत नाही, छाती फुटत नाही. एकरकमी देणे ज्यास झेपत नाही, त्याने हप्त्याने द्यावे. देणे मात्र चुकवू नये. घाटाचा हिशेब असा सरळ आहे.

अण्णांच्या सायकलला हप्त्यांची सोय नव्हती. म्हणून जेथे चढ उभा झाला तेथे ते निःसंकोच उतरले आणि सायकल हाताने ढकलीत चालू लागले. पुतण्यास याचा थोडा संकोच वाटला. मागून मोटारी येत होत्या, काही तरुण हात हलवून पुढे जात होते. अण्णांस त्याचे काही नव्हते. वडीलही या काळ्या सायकलवरून चढाला उतरूनच जात, असे ते म्हणाले.

या रस्त्यास व्यापाराचा मोठा इतिहास आहे. वेंगुर्ले बंदरात सतराव्या शतकात डचांची वखार होती. तिचे अवशेष तेथे आहेत. पुढे इंग्रजांनी बेळगावास लष्करी छावणी ठेवली, आणि तिला लागणारा माल वेंगुर्ल्यास उतरून घाटमार्गे वर जाऊ लागला. पूर्वी ही वाहतूक रामघाटाने होई. आंबोलीचा रस्ता झाल्यावर ती येथून होऊ लागली आणि आंबोली हा वाटेवरील मुक्कामाचा टप्पा बनला. १८८० च्या दशकात या मुलखात आगगाडी आली आणि वेंगुर्ल्याचा हा व्यापार ओसरला. ज्या वळणावर आम्ही दम घेण्यास टेकलो, तेथे कधीकाळी बैलगाड्यांच्या रांगा खोळंबल्या असतील. मीठ, नारळ, कापड वर येत असेल. धान्य, कापूस खाली जात असेल. गाडीवानासही हा चढ हप्त्यानेच फेडावा लागला असेल.

मुख्य धबधब्यापाशी पोहोचलो तेव्हा त्यात पाण्याची बारीक धार तेवढी उरली होती. आंबोलीस वर्षाकाठी सात मीटरच्या घरात पाऊस पडतो. श्रावणात येथे माणसांची जत्रा लोटते. मार्गशीर्षात मात्र माकडे आणि आम्ही, एवढेच होतो. पावणेदहास आम्ही माथ्यावर पोहोचलो. पुतण्या अर्धा तास आधी येऊन बसला होता.

हिरण्यकेशीच्या सोबतीने

आंबोली म्हटले की पाहुण्यांस दरी दिसते. आम्हांस तेथील हिरण्यकेशीचा उगम अधिक मोलाचा वाटतो. डोंगरातील एका गुहेतून ही नदी बाहेर येते. तेथे महादेवाचे स्थान आहे. त्याच स्थळी सापडलेल्या एका लहानशा माशाची नवी जात म्हणून २०२० साली नोंद झाली आणि त्यास नदीचेच नाव मिळाले. पुढच्या वर्षी शासनाने ते स्थळ जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केले. हीच हिरण्यकेशी पुढे आजऱ्याहून, गडहिंग्लजहून, संकेश्वराहून वाहत जाऊन घटप्रभेस मिळते. ज्या घटप्रभेचा गोकाकचा धबधबा आपण सर्वांनी लहानपणी सहलीत पाहिला, ती हीच. म्हणजे आंबोलीपासून संकेश्वरापर्यंतचा सत्तर किलोमीटरचा आमचा मार्ग या नदीच्याच खोऱ्यातून, तिच्याच दिशेने होता. कोकणातून वर येणाऱ्या सायकलस्वारास घाटाचे देणे फेडल्यावर ही नदी थोडे थोडे व्याज परत करते.

आंबोलीच्या पुढे रस्त्यास फाटे फुटतात; एक चंदगडच्या बाजूने बेळगावकडे जातो, दुसरा आजऱ्याकडे. आम्ही आजऱ्याची वाट धरली. गर्द राई हळूहळू विरळ होत गेली, काजूच्या बागा लागल्या, मग भाताची कापलेली खाचरे आली. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ सुवासासाठी प्रसिद्ध आहे. २०१६ साली त्यास भौगोलिक मानांकन लाभले. साडेबारास आम्ही आजऱ्यास एका वडाखाली बसून दशम्या सोडल्या. भूक तशी लागली नव्हती. परंतु व्हेलोसिओचे कलम आम्ही पाळले.

येथे एक चूक घडली, ती नोंदविली पाहिजे. अण्णांनी सायकल उलटी करून चाके फिरवून पाहिली आणि म्हणाले की मागच्या ब्रेकचे रबर झिजले आहे. निघण्यापूर्वी ते आम्हीच पाहिले होते व अजून महिनाभर चालेल असे म्हणून ठेवून दिले होते. चार पैशांची काटकसर! आजऱ्याच्या बाजारात नवे रबर शोधावयास पाऊण तास गेला असता. पुढचा सारा रस्ता उताराचा पण सौम्य आहे, वेळही हवा, म्हणून "गडहिंग्लजला पाहू" असे ठरले. गडहिंग्लजला पोहोचलो तेव्हा अडीच वाजले होते. तेथे मिरचीच्या ढिगांचा तिखट वास नाकात गेला. संकेश्वरी मिरचीचे नाव जरी संकेश्वराचे, तरी गडहिंग्लजच्या पेठेतही तिची मोठी उलाढाल असते. तेथे एका अडत्या स्नेह्यांनी ओळखून थांबविले, ताक पाजले, अण्णांच्या सायकलचे कौतुक केले. या कौतुकात रबराची गोष्ट राहून गेली. ती आठवली तेव्हा गाव मागे पडले होते.

गडहिंग्लज आणि संकेश्वर यांच्या दरम्यान राज्याची सीमा ओलांडली जाते. आमच्या वडिलांनी सायकल घेतली तेव्हा हा सारा मुलूख मुंबई राज्यात होता. त्यांच्या बालपणी सावंतवाडी संस्थानात, गडहिंग्लज कोल्हापूर संस्थानात, आणि संकेश्वर व निपाणी ब्रिटिश मुलखात. १९५६ च्या १ नोव्हेंबरास राज्यांची पुनर्रचना झाली. बेळगाव, निपाणी, संकेश्वर म्हैसूर राज्यात गेले, चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्यात आला. १९७३ साली म्हैसूरचे कर्नाटक झाले. या प्रश्नावर आपल्या भागाने काय सोसले ते सर्वांस ठाऊक आहे, आणि येथे तो विषय नाही. आम्हांस एवढेच जाणवले की सायकलखाली रस्ता बदलला, फलकावरची लिपी बदलली, परंतु शेतातल्या उसाला आणि पाटाच्या पाण्याला त्याची वार्ता नव्हती. दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी दोन्ही भाषांत एकच प्रश्न विचारला : "एवढ्या लांबून सायकलवर?"

तवंदीचा उतार

संकेश्वर सोडले तेव्हा पावणेचार झाले होते. उरले सुमारे पंचवीस किलोमीटर, आणि तेही राष्ट्रीय महामार्गाच्या कडेने. ट्रकची वर्दळ, मागून वाऱ्याचा लोट, आणि पायांत शंभर किलोमीटरचा शीण. हा रस्ता आपण मोटारीने नेहमीच करतो आणि त्यास चढ आहे हे कधी ध्यानातही येत नाही. त्या संध्याकाळी आला. तवंदीचा डोंगर म्हणजे हिरण्यकेशी आणि वेदगंगा या दोन खोऱ्यांमधील पाणी वाटणारा उंचवटा. नदीची सोबत संपते आणि तो ओलांडल्याखेरीज निपाणी येत नाही. आंबोलीच्या मानाने हा चढ काहीच नव्हे. पण थकल्या पायांना शेवटचा छोटा हप्ताच जड जातो.

आम्ही माथ्यावर आलो तेव्हा पाच वाजून वीस मिनिटे झाली होती. खाली निपाणी दिसत होती. पुतण्याचा चेहरा उजळला. "अण्णा, आता पायडलही मारायला नको. वीस मिनिटांत घरी. दिवस आहे तोवर ताटावर बसाल." त्याचे म्हणणे हिशेबाने बरोबर होते.

अण्णांनी ब्रेक दाबून पाहिला. सळई खाली गेली, पण मागचे चाक फिरतच राहिले. रबराचा तुकडा उडून गेला होता आणि लोखंडी पट्टी धावेवर घासत होती. पुढचा ब्रेक शाबूत होता. पुतण्या म्हणाला, "एक ब्रेक पुरे. मी पुढे राहतो, तुम्ही हळू या." आम्हांसही मोह झाला. घरी मंडळी वाट पाहत होती. सारा दिवस ज्या वेळेचा हिशेब केला, तो शेवटच्या चार-पाच किलोमीटरवर चुकू नये, असे वाटणे स्वाभाविक होते.

अण्णा सायकलवरून उतरले. म्हणाले, "चालत जाऊ."

पुतण्याने पुन्हा म्हटले, "चालत गेल्यावर अंधार पडेल अण्णा. आजचे जेवण चुकेल."

"चुकू दे."

त्यानंतर उतार चालता चालता अण्णांनी एक हकीकत सांगितली, जी आम्हांस ठाऊक होती, परंतु पुतण्याने कधी ऐकली नव्हती. १९७१ साली आमच्या पेढीचे दिवाणजी संकेश्वरची वसुली करून सायकलने परत येत होते. त्यांचाही सूर्यास्ताचा नियम. उशीर झाला होता. याच उतारावर त्यांनी सायकल सोडून दिली. ब्रेक लागला नाही. वळणावर कडेच्या दगडावर आपटले. वसुलीची पिशवी त्यांनी छातीशी धरून ठेवली होती, तीत एक पैही कमी भरली नाही. उजवा हात मात्र कोपरात पुन्हा कधी सरळ झाला नाही. त्या वेळी अण्णा अकरा वर्षांचे होते. वडिलांबरोबर कंदील घेऊन तेच घाटात आले होते.

पुतण्या काही वेळ गप्प चालला. मग म्हणाला, "जुन्या खतावण्यांत मधूनच अक्षर बदलते, ते यामुळे का?" होय, यामुळेच. त्या वर्षाच्या पावसाळ्यापर्यंतच्या नोंदी मोत्यासारख्या अक्षरात आहेत. पुढची पाने डाव्या हाताने लिहिलेली आहेत. अक्षरे वाकडी, परंतु बेरजेत चूक नाही. पुतण्याने त्या वह्या गेल्या वर्षी संगणकावर उतरवून घेताना पाहिल्या होत्या, आणि कोणी नवशिका कारकून ठेवला असेल अशी त्याची समजूत झाली होती.

स्तवनिधी क्षेत्र या घाटातच आहे. आपल्या समाजाच्या इतिहासात या स्थळाचे महत्त्व सांगावयास नको. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना १८९९ साली येथेच झाली. तेथे पोहोचलो तेव्हा सूर्याची कड डोंगरावर टेकली होती. शिदोरीत अडीच दशम्या आणि गुळाचा खडा उरला होता. अण्णा पायरीशेजारी बसले, दीड दशमी खाल्ली, पाणी प्याले आणि हात धुतले. उरलेली एक पुतण्यापुढे केली. तो म्हणाला, "मी घरी जेवेन." पण त्याने ती घेतली आणि अण्णांशेजारी बसून खाल्ली. सूर्य मावळला. मग आम्ही दिवे लावले आणि रस्त्याच्या अगदी कडेने, सायकली हातात धरून, उरलेला उतार चालत उतरलो. ट्रक गुरगुरत शेजारून जात होते. निपाणीच्या दिव्यांत शिरलो तेव्हा सात वाजून गेले होते. घरी ताटे झाकून ठेवली होती; अण्णांचे ताट तसेच उचलले गेले.

जमाखर्च

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्या सायकलच्या दुकानात जाऊन दोन्ही ब्रेकची चारही रबरे बदलून आला. नंतर जुन्या खतावण्यांचे कपाट उघडून त्याने १९७१ ची वही काढली आणि पेढीवर गादीशेजारी आणून ठेवली. ती अद्याप तेथे आहे.

या प्रवासाचा हिशेब मांडू गेल्यास खर्चाच्या बाजूस फार काही नाही. चार दिवस पाय दुखले, एक जेवण चुकले. जमेची बाजू मोठी आहे. घाट चढणे ही मेहनतीची गोष्ट, आणि मेहनत दिसते. लोक वाहवा करतात. उतार ही सहज मिळणारी गोष्ट, आणि तेथे कोणी पाहत नाही. परंतु चढताना मनुष्य फार तर थकतो. उतरताना तो आयुष्यभराचे गमावू शकतो. चढताना जेवढी शक्ती आपण डोंगरास देतो, तेवढीच तो उतरताना परत फेकतो, आणि ती सारी ब्रेकच्या दोन बोटे रबरास झेलावी लागते. व्यापारातही तेजीचे दिवस म्हणजे असाच उतार. पायडल न मारता चाक पळते तेव्हाच ब्रेक तपासावयाचा असतो, आणि नेमका तेव्हाच तो तपासण्याचे कोणास सुचत नाही.

दुसरी गोष्ट नियमांची. अण्णांचा नियम कडक आहे. तो त्यांनी चौसष्टाव्या वर्षीही मोडला नाही. पण नियम पाळण्यासाठी त्यांनी घाई केली नाही. अर्ध्या पोटी राहण्याची तयारी ठेवली आणि नियम व जीव दोन्ही राखले. दिवाणजींच्या हाताने हा धडा आमच्या घरास पन्नास वर्षांपूर्वीच दिला होता. तो पुढच्या पिढीस सांगावयाचे मात्र आम्ही विसरलो होतो. त्यासाठी सव्वाशे किलोमीटर सायकल चालवावी लागली.

संघाच्या तरुण सभासदांस आमची विनंती आहे की वर्षातून एक दिवस तरी आपल्या वडिलांच्या वसुलीचा रस्ता सायकलने करून पाहावा. डिसेंबर-जानेवारीचा काळ उत्तम; पहाटे निघावे; पाणी व शिदोरी जवळ बाळगावी; महामार्गावर कडेने, मागे लाल दिवा लावून चालावे; आणि ब्रेकची रबरे आदल्या दिवशीच बदलावीत. शक्य असल्यास घरातील एखादे वडीलधारे मनुष्य बरोबर घ्यावे. त्यांचा वेग कमी असेल, ते चढाला उतरतील, वाटेत थांबतील. पण कोणत्या वळणावर सायकल हातात धरावयाची, हे तेच सांगू शकतील.